मुलाचं वय उणे बारा

१९ जानेवारी, सकाळी ७
आचलची शिष्यवृत्तीची परीक्षा ९ फेब्रुवारीला, देवरीत. लागली तर पोरगी पुढं शिकेल. म्हणूनच तिला प्रेमिला मॅडमच्या ट्यूशनमधून काढलं. मॅडम चिचगडच्या सगळ्या पोरांना सारखंच शिकवतात. संशयास्पद. आजपासून गणित मी घेणार. दहावीत मला ५४ होते.

२० जानेवारी
वयाची उदाहरणं. बाप आज मुलाच्या तिप्पट वयाचा, बारा वर्षांनी दुप्पट होईल. मुलगा क्ष, बाप ३क्ष. मांडणी : ३क्ष + १२ = २क्ष. उत्तर : मुलाचं वय उणे बारा. गाईडमध्ये नुसतं बारा. छापणाऱ्यानं उणे खाल्लं.
आचल म्हणाली, बारा वर्षांत मुलाचंबी वय वाढते ना बाबा. समजावलं की दाखल्यावर वय एकदा लागलं की लागलं. आपले सुकरामभाऊ तीन निवडणुकांपासून मतदार यादीत चाळीसचेच आहेत.

२२ जानेवारी
उणे बाराचा अर्थ सापडला. मुलगा अजून जन्मायचाय, बारा वर्षं बाकी. आचल म्हणाली, मंग बाप उणे छत्तीस. पोरगा बापाच्या आंधी पैदा होईन का?
ही भाषा मॅडमची. माझी बायको रुख्मा चुलीपाशी हसत होती. तीही सामील.

२५ जानेवारी, संध्याकाळ
मॅडमकडे जाब विचारायला गेलो. त्यांनी ट्यूशनच्या पोरांसमोर खडू हातात दिला. मी पूर्ण उदाहरण सोडवलं. मग मॅडम म्हणाल्या, भाऊ, बाप बारा वर्षांनं मोठा झाला, तवरिक पोरगं कुठी ठेवलं होतं जी?
पोरं हसली. आधीच ठरलेलं असणार. खडूही ओला होता.

२६ जानेवारी
आचल काल जेवली नाही. रुख्मा म्हणाली, तुमच्या इज्जतीपायी पोरीचा पेपर कायले बुडवून राहिले? झेंडावंदन आटोपून तिला मॅडमकडे सोडून आली. मला विचारलं नाही. मी परवानगी दिली, असं धरून चाललो आहे.

९ फेब्रुवारी, देवरी
परीक्षा केंद्राबाहेर मॅडमही हजर. रविवारी? कशाला?
आचल बाहेर आली ती सरळ त्यांच्याकडे. मी पाण्याची बाटली घेऊन उभा. मॅडमनीच तिला माझ्याकडे पाठवलं. आचल म्हणाली, वयाचं उदाहरण आलं होतं, दोघांचंबी वय वाढवलं, बरोबर जमलं.
मी म्हणालो, मी तेच तर सांगत होतो.
आचल पाणी प्यायली, बाटली माझ्या हातात दिली आणि उरलेली उत्तरं जुळवायला मॅडमकडे गेली.