मॅगझिन नसलेली बंदूक

नाना, परवा मुंबईहून एका मुलीचा फोन आला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. एकाहत्तरच्या लढाईवर टीव्हीसाठी नवी डॉक्युमेंट्री बनते आहे, तिचं काम ती बघते. जुन्या काळ्यापांढऱ्या चित्रीकरणात आता रंग भरणार आहेत म्हणे. त्यात तुमची ती क्लिप आहे. तीच, शेतातून जवान पळताहेत आणि सगळ्यात मागे तुम्ही. "मॅडम, आम्ही फॅक्ट्सच्या बाबतीत फार काटेकोर आहोत," ती म्हणाली. "हे लढाई चालू असतानाचंच आहे आणि हे तुमचेच वडील, एवढं कन्फर्म करा. खात्री नसेल तर आम्ही तो भाग काढून टाकू." विचार करून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. आता विचार तरी कसला करायचा? खरं काय ते तुम्हीच मला सांगून ठेवलंय, आणि खोटं काय तेही तुम्हीच.

तुमच्याबरोबर लढाईचे कार्यक्रम बघणं म्हणजे शिक्षा होती. पिंप्राळ्यातल्या त्या दोन खोल्यांत आपला टीव्ही कपाटावर ठेवलेला, तुम्ही कॉलेजच्या हॉस्टेलच्या मेसचा स्वयंपाक आटोपून आलेले, अंगाला फोडणीचा वास, आणि पडद्यावर काही धडाडलं की तुमचं सुरू. हे विमान तेव्हा नव्हतंच. हा रणगाडा आपला नाही, त्यांचा आहे, आणि निवेदक खुशाल आपला म्हणतोय. लांब डोंगरावर तोफगोळा फुटतो आणि त्याच क्षणी आवाज येतो, असं कसं? आधी उजेड दिसतो, आवाज मागून येतो, एवढंही यांना कुणी शिकवलं नाही? आणि तुमचा सगळ्यात मोठा राग ठरलेला, की तासभर लढाई चालते पण कुणी जेवत नाही. "बठ्ठं खोटं!" सगळंच खोटं, म्हणत तुम्ही उठायचे आणि टीव्ही बंद. आई म्हणायची, लष्करात तुम्ही भाकऱ्या बडवल्या, तुम्हाला जेवणच दिसणार. ती चिडवायची आणि तुम्ही चिडायचे. पण खरंच होतं ते. तुम्ही पलटणीच्या लंगरात स्वयंपाकी होतात आणि ते सांगायची तुम्हाला कधी लाज वाटली नाही.

म्हणून ती संध्याकाळ मला अजून लख्ख दिसते. मी शाळेत आहे, आई तांदूळ निवडतेय, आणि एकदम ताट खाली ठेवून ती ओरडते, "अहो, हे तुम्ही!" चेहरा धुरकट, डोक्यावर हेल्मेट, ओळखणार कसं? पण तो पळणारा माणूस पळता पळता उजवा तळहात मांडीवर पुसतो. ही तुमची सवय होती. कणीक मळताना कुणी हाक मारली की हात मांडीवर पुसून उठायचं, आणि पुढे पुढे तर हात कोरडा असला तरी पुसायचा. दाराची कडी वाजली तरी पुसायचा. निवेदक भारावल्या आवाजात सांगत होता की या शूर जवानाचा हात काडतुसांकडे जातो आहे. आई हसून हसून लोळायची बाकी होती. तोवर शेजारचे जमले, चहा झाला, अख्ख्या गल्लीत तुम्ही हीरो झालात, आणि तुम्ही मात्र तोंड पाडून बसलेले.

"ती लढाई नाही, नाटक आहे," तुम्ही म्हणत होतात. लढाई संपल्यावर कॅमेरेवाले आले, साहेबांनी सगळ्यांना शेतातून पुन्हा पळायला लावलं, माणसं कमी पडली म्हणून लंगरातून तुम्हाला उठवून हेल्मेट घातलं आणि हातात बंदूक दिली. लोकांना वाटलं तुम्ही नम्रपणाने बोलताय. कुणी ऐकेना तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. पुढच्या वेळी ते लागलं तेव्हा मला पडद्याजवळ नेऊन बोट ठेवलंत. "दख, मॅगझिनच नई शे बंदूकले." खरंच नव्हतं. जिथे गोळ्यांची पेटी बसते तिथे नुसती मोकळी जागा. रिकामी बंदूक घेऊन शत्रूवर कोण धावून जातं, पोरी? मला ते इतकं पटलं की शाळेत कुणी तुमचं कौतुक केलं की मी त्यांना मॅगझिनचं सांगायची.

आणि मग धुळ्याचं ते घर. तुमच्या गावचा, तुमच्याबरोबर भरती झालेला तुमचा एक मित्र त्या लढाईत पडला होता. तिकडेच त्याला अग्नी दिला, घरी फक्त तार आली. त्याची आई, जिला सगळे आक्का म्हणायचे, ती तेव्हा धुळ्याला नातवाकडे राहायची, आणि कुणीतरी निरोप आणला की आक्का म्हणतात, टीव्हीत तुमच्या पुढे पळतो तो माझा मुलगा. तुम्ही अस्वस्थ झालात. मुलगा तर त्या नाटकाच्या आधीच गेलेला, तो पळेल कसा? "जाऊन नीट सांगून येतो," म्हणालात आणि मलाही बरोबर घेतलंत. नातवाने कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घेतला होता. त्याने तो लावला. आक्का खाट सोडून खाली आली, पडद्याला नाक लागेल इतकी जवळ बसली आणि तिने त्या पुढच्या माणसाच्या पाठीवर बोटं ठेवली. पाठच दिसते त्याची, तोंड नाहीच. तिने मागे वळून विचारलं, "हाऊ मना आंडोर शे ना रे भाऊ?"

मी तुमच्याकडे बघत होते. आता मॅगझिन, आता नाटक, आता सगळं येणार म्हणून. तुम्ही तळहात मांडीवर पुसला. "हा आक्का," म्हणालात, "तोच शे."

परतीच्या एसटीत मी विचारलं, नाना, तुम्ही तर खोटं बोललात. पारोळा मागे पडेपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मग एवढंच म्हणालात, "तिले काय सांगू मी?" आणि त्याच आठवड्यात घरी कुठल्याशा कार्यक्रमात बंदूक चुकीची दाखवली म्हणून टीव्ही बंद केलात. तेव्हापासून मी हे दोन नाना एकमेकांशेजारी ठेवून बघते आहे, आणि ते काही केल्या जुळत नाहीत. लॅबमध्ये मी दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या रिपोर्टवर सही करते. आकडा पटला नाही तर नमुना परत मागवते. ही शिस्त तुमचीच. मग आता मी कुणाचं ऐकू?

खरं सांगितलं तर ती मुलगी क्लिप काढून टाकेल. तुमचे फोटो आहेत माझ्याकडे, पण हलणारे तुम्ही जगात तेवढेच आहात. आणि धुळ्याचं काय? आक्का जाऊन काळ लोटला, पण तिच्या नातवाने त्या पाठीचा फोटो काढून भिंतीवर लावलाय. चुलत्याचा म्हणून घरात दुसरा फोटोच नाही. या मुलीला माझा नंबर त्यानेच दिला. मी हे लढाई संपल्यानंतरचं म्हटलं की त्याच्या भिंतीवर कुणा परक्याची पाठ उरते. आणि हो म्हटलं तर तुमचा सगळ्या जन्माचा संताप मी पाण्यात घालते. स्कूटर काढून मी मेहरूण तलावाला दोन चकरा मारून आले, तरी काही सुचलं नाही.

शेवटी आज दुपारी मीच फोन लावला. मागचे माझे वडील, म्हटलं. ते काडतूस काढत नाहीयेत, हात पुसताहेत, ते स्वयंपाकी होते, एवढं मात्र निवेदनात सुधारा. ती खूश झाली, असे तपशील आम्हाला हवेच असतात म्हणाली. "आणि पुढचे? त्यांना तुम्ही ओळखता?" मी म्हटलं, धुळ्याच्या आक्कांचा मुलगा. "नक्की?" हो, माझ्या वडिलांनी स्वतः ओळखलं होतं, माझ्यासमोर. मग लढाईतलंच ना हे, तिने विचारलं. मी म्हटलं, तो मुलगा लढाईतून परत आला नाही, तेव्हा तुम्हीच बघा.

तुम्ही मला रागावला असतात की नुसते खिडकीबाहेर बघत बसला असतात, हे मला अजून ठरवता येत नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणूनच पुढचं लिहिते. मॅगझिनचं तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आणि नाना, आता मी मनात एवढंच म्हणते आहे की रंग भरताना त्यांच्यातल्या कुणाच्या तरी ती मोकळी जागा लक्षात यावी, आणि त्याने तिथे गुपचूप एक मॅगझिन लावून द्यावं.