ज्याचा दाणा फुटला, त्यानं ऐकायचं

आत्याबाई, मी दुसरी शिकलेली, जोडाक्षरं चुकतील, तेवढं सांभाळून घ्या. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, पणतीला न बघताच गेलात. तिचे कान थेट तुमचे, रडली की लाल होतात. सकाळपासून तिलाच मांडीवर घेऊन बसलेय, म्हणून हात अवघडलाय आणि ओळी वाकड्या चालल्यात.

सांगायचं होतं ते वेगळंच. तुमचा लेक, म्हणजे आमचे हे, पलटणीतून पेन्शनीत आला तरी आवाज परेडीचाच. माझा लेक सांगलीत, विश्रामबागेत कॉलेजात शिकवतो, त्याची जीभही तसलीच. आणीबाणी लागल्यापासून दोघांचं पटेना. दिवाळीला तर पोरगा भरल्या ताटावरून उठून गेला. पुढं ही पोर झाली, तीन महिन्यांची झाली तरी घरी आणेना. काल आणली. मी उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळला, आणि चहा संपायच्या आत सुरू!

"गाड्या येळंवर धावत्यात, कारकून धाला खुर्चीत दिसतोय. आनि काय पायजे रं तुला?"

"आबा, तोंड उघडायची चोरी झालीया, ते दिसत न्हाई व्हय?"

"तोंडच लय झालंय तुमा शिकल्याल्यांचं!"

पोरानं पिशवी उचलली. बायकोला म्हणाला, "चल, कोरेगावातनं अडीचची गाडी मिळंल." सून बाळाला दुपट्यात गुंडाळायला लागली. आता गेली तर ही पोर आजोबाला ओळखायचीसुद्धा नाही.

तेव्हा तुम्ही आठवलात. मी नवी नवरी, माहेरी धाडलं नाही म्हणून धुमसत बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा फोडतेय. तुम्ही माझा ढीग चिवडता. "निम्म्याची डाळ केलीस. फुटका दाना उगवत न्हाई, बाई. राग हाय तर बोल, बियान्यावर काढू नगंस." मी बोलले. तुम्ही ऐकलंत, आणि चार दिवसांनी धाडलंतही.

मी शेंगांचं पोतं दारातच दोघांच्या मध्ये ओतलं. "पेरनी तोंडावर आलीया, फोडा. गप बसा म्हनत न्हाई मी, भांडा खुशाल. पर ज्याचा दाना फुटंल त्यानं ऐकायचं, दुसऱ्यानं बोलायचं."

"अगं, ही आनि कुठली आनीबानी?" तुमचा लेक.

"माझी!"

पोराला हसू आलं. पिशवी खाली ठेवली. मीही दोघांच्या मधे बसून फोडायला लागले.

दाणा अख्खा काढायचा तर हात हळू लागतो, हाताबरोबर आवाजही उतरतो. थोड्या वेळानं तुमच्या लेकापुढं फुटका दाणा दिसला. गप्प बसावं लागलं. पोरगा म्हणाला, "माझ्यासंगं शिकवनारा, आपल्याकडं जेवून गेल्याला, पाच महिने तुरुंगात हाय. भाषन केलं एवढंच. त्याची आई मला इचारती, कवा सुटंल. काय सांगू?"

तुमच्या लेकाचा हात शेंगेवरच थांबला. "त्यो? दुधात भाकरी चुरून खानारा? मग सांगितलं न्हाईस कवा?"

"बोलू दिलंत कवा?"

ह्यांनी पुढ्यातली टरफलं बाजूला सारली. मग हे म्हणाले, "शिस्त पायजेच. पर त्याच्या आईकडं एकदा जाऊन येऊ."

अडीचची गाडी गेली. पोर आजोबाच्या मांडीवर झोपली.

मतं जिथल्या तिथंच आहेत. आज परत भांडतील. भांडू देत, अर्धं पोतं बाकी आहे, संपलं तर शेजारणीचं आणीन. पण तोंडं बंद करून घर राखायचं नाही, हे मी ठरवलंय.

हे पत्र लिहून झालं की चुलीत घालणार. तुमचा लेक घरातला कागद न् कागद वाचतो, आणि त्याला कळायला नको. पलटणीतला माणूस तो, एकेक दाणा अख्खा काढत होता. फुटका होता तो माझ्या ढिगातला, आत्याबाई. मीच हळूच सरकवला.