मटकीचे मोड

६ जुलै.
नात शर्वरी हिने घरातच क्लास काढला. बायोलॉजी आणि केमिस्ट्री. नावापुढे डॉक्टर लावते, पण सर्दीचं औषध देता येत नाही. सहा वर्षं लॅबमध्ये भाताच्या मुळांवर रिसर्च. मुळांवर! रोज चारला नऊ मुलं येणार, सगळी हिंदी बोलणारी. माझी झोप गेली. ठरवलंय, त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही.

७ जुलै, दुपारी साडेचार.
बोलावं लागलं. चपला दारात कशाही टाकतात. शमिका नावाची पोरगी नुसती काडी. जेवतेस की नाही, विचारलं. म्हणाली, दादी, मैम पढ़ा रही हैं. वळण बरं आहे.

१० जुलै.
खुर्ची दारातच टाकली. चपलांवर लक्ष राहतं. शर्वरीने केमिस्ट्रीचं काहीतरी विचारलं, सगळी गप्प. मी म्हटलं, पोटं रिकामी आहेत बिचाऱ्यांची. हसली सगळी. क्लास खरा माझ्यामुळे चाललाय. शर्वरी म्हणाली, आजी, प्लीज आत जा ना. जळते.

१३ जुलै.
बशांत ओल्या कापसावर मटकी. एक बशी उन्हात, एक कपाटात, एक मिठाच्या पाण्याची. गौरांग नावाचा मुलगा रोज फुटपट्टीने मोड मोजतो आणि वहीत लिहितो. त्याच्या आईने कधी उसळ दाखवली नसावी.

१८ जुलै.
मोड बोटभर झाले, कुणाला फिकीर नाही. सगळ्या बशा एकत्र करून उसळ टाकली. गूळ, खोबरं. चारला प्रत्येकापुढे वाटी. गौरांगने आधी बशा शोधल्या, मग वाटीत बघितलं. पाच दिन की रीडिंग गई, म्हणाला. शमिकाने दोनदा घेतली. एकूण यशस्वी.

२१ जुलै.
शर्वरीने गावातल्या बिट्टन मार्केटात खोली घेतली. क्लास तिकडे. म्हणाली, आजी, आता तुझी दुपारची झोप होईल. व्हायलाच पाहिजे. पोरं चार दिवसांत मला विचारत येतील.

२५ जुलै, चार वाजता.
झोप नाही. पंखा फार वाजतो. पोरं पत्ता विसरली असतील.

२८ जुलै.
भाजीला बिट्टन मार्केटला गेले. क्लासचा जिना वाटेतच होता, म्हणून चढले. दार नव्याच मुलीने उघडलं. किससे मिलना है, दादी? आत गौरांगने मान वर केली, परत वहीत घातली. शमिका फळ्यावरचं उतरवत होती. म्हटलं, दार चुकलं.
सातला शर्वरी आली. आजी, आज काय केलंस, तिने विचारलं. म्हटलं, काही करायला वेळच कुठे मिळाला.