समाधीवरची कोरी जागा

अहो,

काल पोरायले घेऊन वावरातल्या तुमच्या समाधीवर गेलती. सुश्रुतनं दगडावरचं तुमचं नाव वाचलं. पहिली तारीख जन्माची, दुसरी माणूस जाते तेव्हाची, असं मी त्याले समजावून सांगतलं. वेदश्रीले अजून अक्षरं येत नाईत. तिनं नावाखालच्या कोऱ्या जागेवर बोट फिरवत वाचलं, "जया."

आपली पहिली पोरगी जन्मताच गेली. एवढ्या लहान्यांवर आपल्यात दगड लावत नाईत. तिचं हे नाव तुम्ही फक्त माह्या कानात सांगतलं होतं.

"कोणं शिकवलं तुले?"

"बाबानं. ते रोज येतेत ना."

तुम्ही तर वेदश्री पोटात असतानीच गेलते. अन् तिच्यासंग रोज बोलता? मंग माह्याशी काऊन नाई?

तुमचीच,
नमिता