उलट्या खुणा

प्रिय डावरे,

आधी शेवटचं पान उघडू नकोस. तुझी ती खोड मला ठाऊक आहे, पण या वेळी तरी ओळीने वाच. तुमच्या शिबिरात फोन लागत नाही, म्हणून उद्या पहाटे भूगोलाच्या सरांची गाडी तिकडे निघते तिच्याबरोबर हे पाकीट देतेय. पाकिटाला तीन ठिकाणी चिकटपट्टी कशाला, असं म्हणून तू हसशील. सरांवर माझा संशय नाही. चालकावर थोडा आहे.

घरी सगळं ठीक. आईचा गुडघा आता कुरकुर करत नाही, ती जागा आईने घेतली आहे. बाबांनी तुझं टेबल आवरलं आणि आता स्वतःचा चष्मा शोधत फिरताहेत. दोघांनाही वाटतंय की मी मतदानाच्या दगदगीने गप्प आहे. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

कॉलेजच्या विद्यार्थी संघटनेने मला मतदान अधिकारी नेमलं तेव्हा तूच म्हणाली होतीस की माणूस बरोबर शोधलाय, ही बाई आरशातल्या स्वतःकडेसुद्धा ओळखपत्र मागेल. मला ते कौतुक वाटलं होतं. नाटकं होतात ते जुनं सभागृह कायमची अभ्यासिका करावं का, एवढाच प्रश्न. पण तो कागदावर सरळ मांडायला आम्हाला चार बैठका लागल्या. नाटकवाल्यांना 'मोडीत काढावं का' असा शब्द हवा होता आणि अभ्यासिकावाल्यांना 'विद्यार्थ्यांना खुलं करावं का'. मी दोन्ही खोडले. सदस्यांची यादी दहा दिवस फलकावर लावली, हरकती घेतल्या, दोन्ही बाजूंना भिंतीवर सारखीच जागा आणि सभेत सारखीच मिनिटं दिली. छापखान्यातल्या काकांकडून बिघडलेल्या मतपत्रिकासुद्धा मोजून घेतल्या. ते म्हणाले, पोरी, चाळीस वर्षं छापतोय, रद्दीची पावती कुणी मागितली नव्हती. तरी मी घेतलीच. डोळ्यांत तेल घालून काम करणं म्हणजे काय, ते मी त्या महिन्यात दाखवून दिलं, असं मला वाटत होतं.

तू तिसऱ्या केंद्रावर मदतनीस म्हणून बसलीस, तेव्हा माझी हरकत नव्हती. ज्यांना दिसत नाही त्यांना प्रश्न वाचून दाखवायचा आणि ते सांगतील त्या चौकोनात खूण करायची. मदतनीस तीन होते, पण सगळे तुझ्याकडेच आले. येणारच. दोन वर्षं तू त्यांना जिन्याखाली बसून पुस्तकं वाचून दाखवतेस, कारण ग्रंथालयातून आवाज करता म्हणून तुम्हाला हाकलून देतात. अभ्यासिका झाली तर मोठ्याने वाचायला एक खोली मिळेल, हे तू घरी जेवताना कितीदा बोलली आहेस. प्रचारात मात्र तू एक शब्द काढला नाहीस. नियम तसा होता आणि तू तो पाळलास. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मोजणीच्या दुपारी 'होय'चे गठ्ठे माझ्या टेबलावर तपासले जात होते आणि 'नाही'चे पलीकडे कायद्याच्या बाईंकडे. एक मतपत्रिका हातात आली आणि मी थांबले. बरोबरची खूण उलटी होती, आखूड रेघ उजवीकडे. लहानपणी आपण शाळा-शाळा खेळायचो तेव्हा कपाटाच्या दारावर खडूने तू माझी गणितं तपासायचीस, आणि तुझी प्रत्येक खूण अशीच उलटी निघायची. मी किती वेळा तुझ्या हातातला खडू उजव्या हातात दिला असेल. तू परत डाव्यात घ्यायचीस. मग दुसरी उलटी खूण सापडली, तिसरी सापडली, आणि मी मनातल्या मनात मोजायला लागले. चौदा. चौदाच्या चौदा 'होय'.

तेवढ्यात बेरीज झाली. 'होय' बाराशे सोळा, 'नाही' बाराशे सात. त्या चौदांपैकी पाच जणांनी जरी खरं तर 'नाही' सांगितलं असेल, तरी निकाल फिरत होता. मनात पाल चुकचुकली, आणि खरं सांगू, मी तिला हाकललं नाही. तू खुर्च्या उचलून ठेवत माझ्याजवळ आलीस, ताई पाणी तरी प्यायलीस का म्हणालीस, आणि मी तुला मदतनिसांनी मोजणीच्या टेबलापासून लांब राहावं असा नियम ऐकवला. तू सलाम ठोकून हसत गेलीस. तुझ्या त्या हसण्यावरही मला संशय आला. एवढी खूश का, असं वाटलं. डाव्या हाताची म्हणून तुला आजवर डावरी म्हटलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या शब्दात मला डाव ऐकू आला.

निकाल 'तपासणी बाकी' म्हणून मी तीन दिवस रोखून धरला. दुसऱ्या सकाळी तू शिबिराला गेलीस आणि मी चौकशीला लागले. तिसऱ्या केंद्राच्या प्रमुखाला विचारलं की तू खूण करताना कुणी पाहत होतं का. दारावरच्या पहारेकऱ्याला विचारलं. बाकीच्या दोन मदतनिसांना विचारलं. तुझ्या मैत्रिणीला चहाच्या निमित्ताने बोलावून खोदून खोदून विचारलं. कुणाला काही खटकलं नव्हतं, आणि नेमकं तेच मला खटकत राहिलं. शेवटी काल मी रेडिओकडे गेले. तुझ्याकडून पुस्तकं ऐकणारा तो मित्र, सगळ्या गावाच्या बातम्या ज्याच्याकडे आधी पोचतात, तो. जिन्याखाली एकटाच बसला होता. इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं की त्याने नक्की काय सांगितलं होतं, होय की नाही.

तो म्हणाला, "मतपत्रिका गुप्त असते, हे आम्हाला तुम्हीच सभेत सांगितलं होतं ना, ताई? आणि तुम्हीच विचारताय?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. काहीतरी पुटपुटून मी उठले, तर तो मागून म्हणाला, "मी काय सांगितलं, ते तिने लिहिलं. शंका मला यायला हवी होती. मला नाही आली."

आज दुपारी मी दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना बोलावलं आणि त्यांच्यासमोर 'नाही'चे गठ्ठे फोडले. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. उलट्या खुणा मी शोधल्या त्या फक्त 'होय'मध्ये, कारण तिथेच त्या सापडाव्यात असं मी आधीच ठरवलं होतं. 'नाही'मध्ये आठ निघाल्या. तितक्याच ठळक, तितक्याच नीट चौकोनात बसवलेल्या. केंद्राच्या वहीत तू मदत केलेले मतदार बावीस आहेत. चौदा आणि आठ. ज्या खोलीसाठी तू दोन वर्षं तळमळलीस, तिच्या विरोधातली आठ मतं तू स्वतःच्या हाताने लिहिलीस आणि घरी येऊन कुणाला चकार शब्द बोलली नाहीस. नाटकवाल्यांचा प्रतिनिधी म्हणाला, सगळं जुळतंय मग तुमचे डोळे का भरलेत. मी धुळीवर ढकललं.

मतदानात खोट नव्हती. खोट मोजणाऱ्यात होती. मतदाराला त्याचं मत विचारणं हा माझ्याच नियमावलीत सगळ्यात मोठा गुन्हा आहे, आणि तो एवढ्या मोठ्या मतदानात एकाच माणसाने केला. रेडिओ कुणाला सांगणार नाही. पण मी संध्याकाळी अहवाल लिहून समितीला दिला. उद्या अकरा वाजता तो फलकावर लागेल. त्यात तुझं नाव नाही, 'एका मदतनिसाविषयी निराधार संशय घेऊन' एवढंच आहे, पण ते वाचून तुझं नाव कळणार नाही असा माणूस आपल्याकडे नाही. समिती मला काढेल, किंवा सगळं मतदान रद्द करेल. रद्द झालं तर तुझी खोलीही गेली, निदान या वर्षी, आणि ती तुझ्या चुकीने नाही, माझ्या चुकीने जाईल. फलक वाचून कुणी तुला सांगण्याआधी ते माझ्याकडून तुला कळावं, म्हणून हे पत्र. तू म्हणशील, ताई, मला एकदा विचारायचं तरी होतंस. केंद्रप्रमुखाला विचारलं, पहारेकऱ्याला विचारलं, तुझ्या मैत्रिणीला विचारलं, ज्याला विचारू नये त्यालाही विचारलं. फक्त तुला नाही. कारण तू खरं सांगितलं असतंस, आणि त्या दिवशी मी त्यावर विश्वास ठेवला नसता.

अजूनही तुझीच,
ताई