अकरा जणांची बटणं

३ मार्च, सोमवार
आलो बुवा एकदाचा! बारा खाटांची लख्ख खोली, इस्त्रीच्या चादरी, आयतं जेवण. दहा दिवस फक्त लोळायचं आणि एक नवी गोळी गिळायची. गोळी म्हाताऱ्यांच्या हाताला कंप सुटतो त्यावरची, पण आधी घ्यायची आम्ही धडधाकटांनी! डॉक्टरीणबाईंनी तासभर कागद वाचून दाखवला. वाटेल तेव्हा सोडून जा, कुणी अडवणार नाही म्हणाल्या. मी सही ठोकली. बाहेर पडलो की मिळणाऱ्या पैशांतून नवं शिलाई मशीन घेणार. ताई म्हणत होती, शिंप्याच्या हाताला दहा दिवस सुट्टी म्हणजे गंज चढेल हो.

४ मार्च, मंगळवार
शेजारच्या खाटेवरचे मामा अगदी मुरलेले. ही त्यांची नववी खेप. त्यांनीच मला शहाणं केलं. नर्सबाई रोज सकाळी विचारतात, काही त्रास? तर ठणठणीत म्हणायचं. कुरकुर केली की घरी पाठवतात, आणि अर्ध्यातून गेलेल्याला दमडी मिळत नाही. कागदात हे बारीक अक्षरात होतं म्हणे. मी कशाला वाचतोय!

६ मार्च, गुरुवार
बोटांना मुंग्या येतायत. मलाच नाही, सगळ्यांनाच. सकाळी बाराही जण ठणठणीत म्हणालो. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. कुणालाच काही होत नाही, म्हणून उद्यापासून गोळी दुप्पट. मामांनी कोपराने ढोसलं, हस म्हणाले. हसलो.

८ मार्च, शनिवार
मामांना सदऱ्याचं बटण लावता येईना. मी लावून दिलं. मग पलीकडच्या ड्रायव्हरचं. मग रांगच लागली. शिंप्याची बोटं ती, अजून तग धरून आहेत. तपासणीच्या आधी अकरा जणांची बटणं लावली, पाण्याचे घोटही पाजले. नर्सबाई म्हणाल्या, किती टापटीप राहता तुम्ही लोक. मला रडू येत होतं.

९ मार्च, रविवार
दारात करंगळी चेंगरली. कळलंच नाही. रक्त दिसलं तेव्हा कळलं.
आज बटणं लावायला कुणीच नाही. सगळे गळ्यापर्यंत पांघरूण ओढून पडलो. मी सांगणार होतो — मामांनी डोळे वटारले. अकरा जणांच्या पोटावर पाय देशील का, म्हणाले.

१० मार्च, सोमवार
सांगून टाकलं. मशीन गेलं खड्ड्यात, हात पाहिजेत मला!
डॉक्टरीणबाईंनी वही उघडली. आठवडाभर माझ्या नावापुढे ‘त्रास नाही’ लिहिलंय म्हणे. बाकीच्यांना विचारलं. ठणठणीत. मामा म्हणाले, पोरगा घाबरट आहे, घरची आठवण काढतो.
जायचं तर खुशाल जा म्हणाल्या. फक्त पहिल्यासारखी सही हवी. पेन बोटांत राहीना. मुठीत धरून केली — जुळत नाही. जुळेपर्यंत नाव यादीत. यादीत नाव तोवर गोळी चुकवायची नाही.

१० मार्च, दुपार
पेन्सिल दातात धरून लिहितोय.
नर्सबाईंनी ताईला फोन लावून दिला. जीभ वळेना. ताई हसली — तोंडात घास आहे वाटतं, गिळ आणि मग बोल —
ठेवला तिने.

चौथा कागद. जुळत नाही.
मामा बघतायत. सगळे बघतायत.
गोळ्यांची गाडी आली. माझ्या खाटेआधी दोन खाटा राहिल्या.
थांबा हो बाई, होतेय, ही बघा, ही सही माझीच —