चौथा ट्राय राहिला

शुक्रवार, संध्याकाळ

आज आम्ही जिंकलो आणि लीगमधून बाहेर पडलो. घरी आले तर सुहास म्हणतो, "जिंकलात ना, मग तोंड पाडून का बसलीयेस?" नवऱ्याला रग्बी कुठून समजावू. नुसतं जिंकून भागणार नव्हतं. चार ट्राय केले, म्हणजे चारदा बॉल त्यांच्या रेषेपलीकडे टेकवला, तर बोनस पॉइंट, आणि तो मिळाला तरच प्ले-ऑफ. अख्ख्या टीमला हे पाठ होतं.

शेवटचं मिनिट. तीन ट्राय झालेले, एका गुणाने मागे. त्यांच्या रेषेच्या अगदी तोंडाशी आम्हाला पेनल्टी मिळाली. मी ओरडतेय, स्क्रम घे, आम्ही त्यांना ढकलत रेषेपार जातो, चौथा ट्राय होईल. आणि आमच्या कॅप्टनने, क्लेअरने, शांतपणे गोलपोस्टकडे बोट केलं. किक बसली, तीन गुण, जिंकलो, खलास. सगळ्याजणी तिला मिठ्या मारत होत्या.

बोनसचं विसरली असेल? छे. तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलंय, परवा ती कायमची मायदेशी चाललीय. प्ले-ऑफला ती नसणारच होती. तिला जाताना जिंकून जायचं होतं, बस. रोज ऑफिसातून धावतपळत प्रॅक्टिसला जाणाऱ्या आम्ही गेलो खड्ड्यात.

ते बोट डोळ्यांपुढून हलत नाहीये.

नंतर चेंजिंग रूममध्ये कोणीतरी विचारलं, हिला एअरपोर्टवर सोडणार कोण? क्लेअरने हसत पुन्हा बोट केलं, या वेळी माझ्याकडे. आणि मी, मूर्ख, हो म्हणून बसले.